क्रेसेंडोचा अंतिम अर्थ

३ मार्च, सोमवार

आयुष्यभर ज्यांचं वाक्य दुसऱ्यानं मध्येच तोडलं, अशा माझ्या तमाम बंधूंनो आणि भगिनींनो! आपलं दुःख एकच आहे. आपण बोलायला उभे राहतो आणि समोरचा चहाला जातो.

(ही रोजनिशी माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण संबोधनाशिवाय माझं पेन चालत नाही. वक्त्याचं पेन आहे.)

आज म्हातारीनं पॉलिशवाल्याची करंगळी खाल्ली. म्हातारी म्हणजे आमच्या खोक्यांच्या कारखान्यातली मोठी गोल करवत. दिवसभर कुरकुरते म्हणून हे नाव. फळी सरळ करायला त्यानं हात पुढे केला आणि करंगळी भुशात पडली. ती शोधायलाच दहा जण लागले.

म्हातारीच्या दातांवर पूर्वी लोखंडी झाकण होतं. त्यामुळे जाड फळ्या जात नाहीत म्हणून मॅनेजरनं ते काढून स्टोअरला जमा केलं. स्टोअरकीपर मी. म्हणजे झाकण माझ्याच ताब्यात आहे, खिळ्यांच्या पोत्यांमागे. मी ते गुपचूप देऊ शकत नाही का? शकतो. चार बोल्ट, एक पाना, तासाभराचं काम. पण हक्क हा मागून आणि लढून घ्यायचा असतो. झाकण असं चोरून बसवलं तर लढा कशासाठी करायचा? इतिहास पानं फिरवून घडत नाही, मनं फिरवून घडतो. (वाक्य छान झालं. शनिवारी वापरणे.)

दुपारी गेटवर उत्स्फूर्त भाषण केलं. पहिल्याच वाक्याला टेबलावर अशी मूठ आपटली की टेबलाचा पाय मोडला. पाचव्या वाक्याला समोर तिघं उरले. त्यातला एक टेबलाचा मालक.

ठरलं: शनिवारी जेवणाच्या सुट्टीत सभा. झाकण बसेपर्यंत काम बंद, यावर हात वर करून मतदान. वक्ता मी एकटाच. म्हणजे आपण जिंकलोच.

मनगट सुजलं आहे. टेबल निकृष्ट होतं.

४ मार्च, मंगळवार

मेव्हणा जेवायला आला होता. बायकोचा धाकटा भाऊ. म्हातारी तोच चालवतो आणि सुट्टीच्या दिवशी बँडमध्ये मोठा ढोल वाजवतो. अंगानंही ढोलासारखाच, म्हणून सगळे त्याला ढोल्या म्हणतात. त्याचे दोन्ही हात त्या करवतीपासून वीतभर अंतरावर असतात. माझा लढा मुख्यतः त्या हातांसाठी आहे. मी हे त्याला तीनदा बजावलं. तो म्हणाला, दाजी, हातांसाठी लढताय तर कानांवर थोडी दया करा.

मग म्हणे, तुमच्या भाषणात क्रेसेंडो नाही.

मी म्हणालो, माझं भाषण म्हणजे पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत निव्वळ क्रेसेंडो असतं.

त्यावर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणे, क्रेसेंडो म्हणजे मोठा आवाज नव्हे, दाजी. मोठा होत जाणारा आवाज. आणि चमच्यानं ताटाच्या कडेवर वाजवायला लागला. आधी ऐकूच येईना. मग पाल चुकचुकावी तसं. मग वाढत, वाढत, वाढत. मग भांड्यांची मांडणीच हादरायला लागली आणि मला उगाचच उठून उभं राहावंसं वाटलं. तो थांबला आणि म्हणाला, हे क्रेसेंडो. तुम्ही करता तो धडाका.

धडाका!

मी ताट उचलून भिंतीवर मारलं. त्यानं पाट उचलला. मी त्याची कॉलर धरली, त्यानं माझं सुजकं मनगट धरलं, आणि आम्ही दोघं मिळून कपाटाच्या काचेतून आरपार गेलो. बायकोनं बादलीभर पाणी ओतलं. म्हणाली, एकाला करवत पुरत नाही आणि दुसऱ्याला तोंड.

वैचारिक मतभेद हे जिवंत समाजाचं लक्षण आहे. कपाळावर तीन पट्ट्या.

५ मार्च, बुधवार

वाचनालयात जाऊन या शब्दाची पाळंमुळं खणायची, असं ठरवून अर्धी रजा टाकली. जाताना वाटेतच व्युत्पत्ती सुचली. आक्रोश. क्रोश, क्रोशंतो, क्रेसेंडो. इतकं उघड आहे. आपल्याच रागाचा शब्द परदेशी जाऊन कोट घालून आला.

ग्रंथपालानं मात्र एक जाड कोश पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं: शब्द इटालियन. अर्थ, वाढत जाणारा. मूळ लॅटिन, 'वाढणे' या धातूपासून. चंद्राच्या वाढत्या कोरेचा इंग्रजी शब्द त्याच मुळाचा. आणि काँक्रीटसुद्धा! एकत्र वाढून घट्ट झालेलं, ते काँक्रीट. आक्रोशाचा उल्लेख नाही. ग्रंथकर्त्याचा अभ्यास तोकडा.

पण धीर सोडला नाही. खाली तीन अर्थ होते. एक, हळूहळू वाढणारा आवाज. दोन, अशी वाढ दाखवणारी संगीतातली खूण. तीन, 'सैल वापरात': टिपेचा क्षण, कळस.

मी ओरडलोच, सापडलं! तिसरा अर्थ शेवटी दिला आहे. शेवटचा म्हणजेच अंतिम. सुप्रीम कोर्टाचा निकालही शेवटीच येतो.

ग्रंथपाल म्हणाला, साहेब, सैल वापरात म्हणजे लोक चुकीचं वापरतात, त्यात.

मी म्हणालो, लोक कधी चुकत नसतात.

तो म्हणाला, हळू बोला, इथं लोक वाचतायत.

यापुढचं मला नीट आठवत नाही. कोश माझ्या हातात होता एवढं नक्की. तो त्याच्या खांद्यावर पडला की मी मारला, याबद्दल दोन मतं आहेत. त्यानं मला मासिकं लावायच्या लाकडी घोड्यावर ढकललं. घोडा माझ्यावर पडला. कुणा निवृत्त गृहस्थानं छत्रीनं माझ्या पोटऱ्या बडवल्या. नाकातून रक्त आलं, त्याचा एक थेंब 'वाढणे' या शब्दावर पडला.

सभासदत्व रद्द. ज्ञानाचे दरवाजे क्रांतिकारकांना नेहमीच बंद राहिलेले आहेत.

६ मार्च, गुरुवार

स्टोअरमध्ये तालीम. उंचावर उभं राहिल्याशिवाय माझा आवाज फुटत नाही, म्हणून म्हातारीचं झाकण ओढून काढलं, पालथं घातलं आणि त्यावर उभा राहिलो. आत पोकळ आहे. काय घुमतो आवाज! एक पाय आपटला की तोफ. झाकणाचा इतका चांगला उपयोग आजवर कुणी केला नसेल.

ढोल्या वंगण न्यायला आला. कपाळावर त्याच्याही पट्ट्या. माझ्या पायाखालचं झाकण बघून त्यानं हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाला, दाजी, खाली उतरा, मी हे आत्ता बसवून टाकतो. मी म्हणालो, मागणीचिठ्ठी आण, मॅनेजरच्या सहीची. शिवाय, वेड्या, मालकानं स्वतःच्या हातानं बसवायला हवं. वाकून! तो म्हणाला, तोपर्यंत मी कुठल्या हातानं काम करू?

भावनिक प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

मग तो नरमला. म्हणाला, बरं, निदान शनिवारी नीट बोला. सगळे लोक बाजूनं आहेत, फक्त घाबरलेत. घाबरलेल्या माणसावर ओरडलं की तो पळतो. आणि खोक्यावर खडूनं खूण काढली: <. म्हणे, बँडच्या कागदावर क्रेसेंडो असं लिहितात. टोकाकडून सुरू करायचं, रुंद तोंडाकडे जायचं.

शाळेत या खुणेला आम्ही 'पेक्षा कमी' म्हणायचो. म्हणजे वाढायचं, तर खूण कमीची! बँडवाल्यांचं गणित कच्चं असतं.

जाताना आणखी एक गोष्ट सांगून गेला. फळी पात्यात चिमटली की म्हातारीचा आवाज असाच वाढतो. आधी कण्हते, मग रडते, मग किंचाळते. कण्हली की आम्ही हात काढतो. जो किंचाळण्याची वाट बघतो, त्याची करंगळी भुशात शोधावी लागते.

उपमा बरी आहे, पण शनिवारच्या भाषणात बसत नाही.

रात्री बायकोला तिन्ही अर्थ समजावले. ती कारखान्यात खिळे ठोकणाऱ्या बायकांमध्ये काम करते, त्यामुळे तिचं वाचन कमी. ती म्हणाली, म्हणजे थेंबे थेंबे तळे साचे, तसं. तुम्ही एकदम तळंच डोक्यावर ओतता. आणि वाढती कोर म्हणता, तर पौर्णिमा कधी पहिल्या दिवशी आली आहे का, अहो?

मी दिवा मालवला.

७ मार्च, शुक्रवार

दोन भोंगे, आवाज वाढवायचं मशीन आणि माइक भाड्यानं आणले. दुकानदार म्हणाला, एक भोंगा पुरे, तुमचा कारखाना काही विमानतळ नाही. मी म्हणालो, सत्याला दोन भोंगे लागतात.

घरी टेस्टिंग घेतलं. फक्त 'बंधूंनो' एवढंच म्हणालो. समोरच्या इमारतीतून दगड आला, आमची खिडकी फुटली. मी माइकमधून दगड मारणाऱ्याचा निषेध केला. दुसरा दगड आला. हा भोंग्याला लागला आणि त्याला पोचा आला. मी जिन्यातून खाली धावलो. तो दगडवाला निघाला भट्टीत लोखंड ठोकणारा. पुढचा संवाद एकतर्फी झाला. डावा डोळा बंद.

उद्या एका डोळ्यानं बोलणार. जखमी वक्ता अधिक परिणाम करतो, हे मी वाचलेलं आहे.

आवाज किंचित बसला आहे. गुळण्या केल्या. बायको म्हणाली, देव आहे.

संकल्प: उद्या अंतिम अर्थानं क्रेसेंडो. पहिल्याच शब्दाला कळस.

८ मार्च, शनिवार. सकाळ

झोप उत्तम. शत्रू भेदरलेला आहे. मॅनेजर आज गेटवर भेटला. त्याला आम्ही लोणी म्हणतो, कारण तो इतकं मऊ बोलतो की नोकरीवरून काढलेला माणूससुद्धा आभार मानून बाहेर पडतो. माझ्या डोळ्याकडे बघून म्हणाला, काळजी घ्या हं. सभा जरूर घ्या. फक्त घंटा झाली की माणसं मशीनवर हवीत. जो नसेल, त्यानं सोमवारी यायची तसदी घेऊ नये.

पाय थरथरत होते त्याचे. निदान मला तसं वाटलं. एकाच डोळ्यानं बघत होतो.

८ मार्च, शनिवार. संध्याकाळ

अक्षर वाईट येणार.

सभेला सगळे आले होते. करवतखान्याच्या बाहेरच, खोक्यांच्या चळतीपाशी. हात वर करायच्या तयारीनं आले होते, हे मान्य करतो. ढोल्यानं व्यासपीठाच्या खोक्यावर माझ्यासाठी पुन्हा ती खूण काढून ठेवली होती. पण मी मागून चढलो, त्यामुळे मला ती उलटी दिसली: >. म्हणजे रुंद तोंडाकडून सुरू. दोष कुणाचा? खूण काढणाऱ्यानं वक्ता कुठून चढतो हे बघायला नको?

बंधूंनो! म्हणालो. दोन्ही भोंगे किंचाळले. पुढच्या रांगेनं कान झाकले. मी आणखी वर गेलो. बोटांचं रक्त, मालकाचं काळीज, इतिहासाचं पान आणि मन, सगळं एका दमात. कुणीतरी ओरडलं, आवाज कमी करा आणि मतं घ्या, घंटा होईल. मी म्हणालो, घंटेला घाबरणाऱ्यानं बांगड्या भराव्यात. पहिल्या रांगेत बायका होत्या. एकीनं मला हातोडी दाखवली.

मग पॉलिशवाला पट्टी बांधलेला हात वर करून म्हणाला, माझं मत घ्या आधी, मला हॉस्पिटलात जायचंय. मी त्याला म्हणालो, खाली बस, तुझ्यावरच बोलतोय. त्याच्या भावानं मला खोक्यावरून खाली खेचलं. माझ्या बाजूच्या एकानं त्याला फळी मारली. ती लागली तिसऱ्यालाच. त्यानंतर कोण कुणाला मारतंय याचा पत्ता नव्हता. खोकी फुटत होती, खिळ्यांसकट. एकाच्या गालातून खिळा गेला. पॉलिशवाला तुडवला गेला. जे एकजुटीनं आले होते, ते एकमेकांचे दात पाडत होते.

अशा वेळी नेता काय करतो? शांततेचं आवाहन करतो. मी पुन्हा खोक्यावर चढलो, भोंग्यांच्या मशीनचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं आणि शांत व्हा, शांत व्हा, असं गर्जत राहिलो.

मध्येच घंटा झाली होती, म्हणे. मतं घेतलीच गेली नव्हती, म्हणजे काम बंद नव्हतं. आणि जागेवर नसेल तो गेला, हे लोण्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ढोल्या आत गेला. म्हातारी सुरू केली. फळी लावली.

फळी चिमटली.

म्हातारी कण्हली असणार. रडली असणार. ढोल्याला ऐकू आलं नाही. कुणालाच ऐकू आलं नाही. आम्हाला सगळ्यांना एकदम शेवटच ऐकू आला आणि तो करवतीचा नव्हता. भोंग्यांच्या वर गेलेला तो आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

बायको माझ्याकडे न बघता माझ्या समोरून धावत आत गेली.

भुसा रक्त फार पटकन पितो.

भाड्याची मशीनं निकृष्ट असतात. बटण शेवटपर्यंत फिरेल असं बनवावंच का?

९ मार्च, रविवार

ढोल्याच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

माझा आवाज पूर्ण गेला. डॉक्टर म्हणाला, पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही. बायको म्हणाली, पंधराच?

आणि ढोल्याचा डबा घेऊन हॉस्पिटलात गेली.

१० मार्च, सोमवार

कामावर गेलो. लोण्यानं म्हातारीवर दुसरा माणूस बसवला होता, पॉलिशवाल्याचा भाऊ. घराला नोकरी हवी म्हणून बसला. सगळे खाली मान घालून. कुणाच्या तोंडाला टाके, कुणाचा हात गळ्यात. असा कारखाना मी पाहिला नव्हता. मी स्टोअरमध्ये बसलो. झाकण तिथंच होतं, पालथं. त्यावर माझ्या बुटांचे ठसे.

दहाच्या सुमाराला खिळे ठोकणाऱ्या बायकांच्या बाजूनं 'टक' असं आलं. त्यात काही विशेष नाही, त्यांचं कामच ते. पण ते खिळ्यावरचं टक नव्हतं. रिकाम्या खोक्यावरचं होतं. पोकळ. पुन्हा एकदा. मी स्टोअरच्या जाळीतून बघितलं. बायको उभी होती. समोर खोकं उलटं घातलेलं. तोंडातून शब्द नाही.

शेजारणीनं त्यात आपलं टक मिसळलं. मग तिच्या पलीकडचीनं. इतकं हळू की लोणी ऑफिसात फोनवर बोलत राहिला. सुतारांनी मान वर केली. एकानं रंध्याच्या दांड्यानं सुरुवात केली. मग चारांनी. ज्यांनी परवा एकमेकांचे दात पाडले होते, ते दोघं एकाच खोक्यावर ठोकत होते. जमिनीतून पायात यायला लागलं. स्टोअरमधले बोल्ट डब्यांत नाचायला लागले. पॉलिशवाल्याच्या भावानं म्हातारीचा मेन स्विच खाली ओढला, पाना उचलला आणि तिच्याच लोखंडावर मारू लागला. ऑफिसची काच तडकली. लोणी बाहेर आला, काहीतरी मऊ बोलला. त्याचे ओठ हललेले दिसले. लोकांनी वाट सोडली नाही. मारलं कुणालाच नाही, पण मी सांगतो, त्या क्षणी एक टक जरी चुकून पुढे सरकलं असतं, तर लोणी वितळून भुशात गेला असता. त्यालाही ते कळलं. त्यानं करवतीकडे बघितलं, लोकांकडे बघितलं आणि मान हलवली.

बायको माझ्या खिडकीशी आली. हात पुढे करून म्हणाली, झाकण.

मला आवाज नव्हता. सवयीनं मी मागणीचिठ्ठ्यांच्या पुस्तकाकडे बोट दाखवलं.

तिनं हातोडी माझ्या टेबलावर ठेवली. ठेवली फक्त. आपटली नाही.

मी झाकण दिलं. चार बोल्टही दिले. तासभरसुद्धा लागला नाही.

टीप: त्या ठोकण्यात शब्द नव्हते, विचार नव्हता, इतिहास नव्हता. दोन-चार चांगली वाक्यं मी पुरवू शकलो असतो. कुणी विचारलं नाही.

१५ मार्च, शनिवार

ढोल्याला भेटायला हॉस्पिटलात गेलो. पाटी घेऊन. पाटीवर लिहिलं, कसा आहेस? त्यानं बांधलेला हात वर करून दाखवला. म्हणाला, काळजी नको दाजी, ढोल उजव्या हातानं वाजतो. तुमच्या भाषणाला टाळ्या मात्र आता वाजवता येणार नाहीत.

बायको फळं चिरत होती. सुरी थांबली. मग परत सुरू झाली.

मी पाटीवर लिहिलं: तुझी खूण मी उलट्या बाजूनं पाहिली. तो म्हणाला, ठाऊक आहे. मी लिहिलं: कोशात तिसरा अर्थही आहे. तो म्हणाला, दाजी, पुसा ते.

पुसलं.

मग त्यानं उजव्या हाताच्या एका बोटानं खाटेच्या लोखंडी दांडीवर वाजवायला सुरुवात केली. इतकं हळू की मला पुढे वाकावं लागलं. कान त्याच्या बोटाजवळ न्यावा लागला. मी आयुष्यात पहिल्यांदाच काही ऐकायला इतका वाकलो असेन. वाढेल म्हणून वाट बघत होतो. ते वाढलं नाही. ढोल्या दमला. बोट थांबलं. तो झोपी गेला.

बरंच बोलायचं होतं. पाटी छोटी.

तेव्हा इथंच बोलतो. बंधूंनो आणि भगिनींनो, ज्यांचं वाक्य कायम मध्येच तोडलं जातं अशा सर्वांनो! यापुढे जिथं करवत चालू आहे, तिथं कुणी भोंग्यातून गर्जना करायला लागला, तर तो काय म्हणतोय हे ऐकत बसू नका, त्याचं म्हणणं बरोबर आहे का, हेही बघू नका. तो मीच असेन असं मुळीच नाही. पण असलोच, तर पुढे या आणि माझ्या भोंग्याची वायर उपटा.